मेल येतो, पण जात नाही

बाबू, कृषी केंद्रातल्या कॉम्प्युटरवर हिशेबाच्या प्रोग्राममधूनच बिलं मेल करायची म्हणतोस, तर खुशाल करजो. त्याच्यासाठी अकोल्याहून पातूरला माणूस बोलवायची गरज नाही. एक गोष्ट मात्र आधी डोक्यात पक्की बसव. मेल यायचं दार वेगळं अन् जायचं वेगळं. आयमॅप किंवा पॉप हे यायचं, एसएमटीपी हे जायचं. म्हणूनच इनबॉक्स भरभरून वाहत असतो अन् साधं एक बिल बाहेर पडत नाही. मग आपले पोट्टे सगळं उडवून पहिल्यापासून बसवायला घेतात. काहून बाप्पा? अर्धं तर नीटच चाललं असतं. तू फक्त ‘आउटगोइंग’चं पान उघडून पाहजो.

तिथं सर्व्हरच्या रकान्यात, जीमेल असेल तर, एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम टाकजो. युजरनेममध्ये पूर्ण ईमेल पत्ता, नुसतं पुढचं नाव नाही. अन् ‘ऑथेंटिकेशन’ची खूण असेल तर ती केलेली पाहिजे, निम्मे लोक तिथंच अडकतात.

त्याच पानावर पोर्टचा नंबर मागतात, त्याचं जरा समजून घे. १९८२ साली जॉन पोस्टेलनं एसएमटीपीचे नियम लिहिले, तेव्हा कारभार पोस्टाच्या लाल पेटीसारखा होता. कोणीही यावं, कोणत्याही नावानं टाकून जावं. ते पोर्ट २५. फुकट्या जाहिरातवाल्यांनी त्याचा उकिरडा केला. मग १९९८ मध्ये मेल पाठवणाऱ्यांसाठी ५८७ नंबर वेगळा काढला, अन् तिथं आता ओळख दाखवल्याशिवाय कोणी उभं करत नाही. बऱ्याच इंटरनेट कंपन्या ग्राहकांसाठी २५ बंदच ठेवतात. कोणी २५ भरून ठेवलं असेल तर काढून टाक. सुरक्षेच्या रकान्यात ५८७ घेतलं तर स्टार्टटीएलएस, ४६५ घेतलं तर एसएसएल किंवा टीएलएस. जोडी मोडली की प्रोग्राम नुसता गोल फिरत बसतो.

आता पासवर्ड. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड कितीही बरोबर टाक, बाहेरचा प्रोग्राम त्याच्यावर चालणार नाही. साध्या खात्यांसाठी गुगलनं ती सोय ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतली. आधी खात्यात दुहेरी पडताळणी सुरू करजो, मग ‘अ‍ॅप पासवर्ड’ मागजो. सोळा अक्षरं मिळतात अन् ती एकदाच दिसतात. ज्या कामासाठी घेतलास त्याचं नाव त्याला देजो, ‘दुकान बिलं’ असं. मला ही पद्धत आवडते, कारण हिशेब लिहिणाऱ्या पोराला तुझ्या खात्याची किल्ली द्यावी लागत नाही. पोरगा काम सोडून गेला, कॉम्प्युटर विकला, की तेवढाच पासवर्ड रद्द करजो. बाकी काही हलत नाही. एक मात्र आहे, खात्याचा मुख्य पासवर्ड बदललास की हे अ‍ॅप पासवर्डही रद्द होतात. तेव्हा ‘कालपर्यंत तर जात होते’ म्हणत डोकं धरू नको, नवीन घेजो.

काही गोष्टी सेटिंगच्या पानावर दिसतच नाहीत. जुन्या कॉम्प्युटरच्या आतली गोल बॅटरी मेली की लाइन जाऊन आल्यावर त्याचं घड्याळ कितीतरी वर्षं मागं जातं. तारीख चुकली की सर्व्हरचं सर्टिफिकेट त्याला खोटं वाटतं अन् तो बोलायलाच तयार होत नाही. इथं पावसाळ्यात लाइनचा काय भरवसा! पासवर्डशी झोंबण्याआधी खालच्या कोपऱ्यातली तारीख पाहजो.

चूक झाल्याचा निरोप आला की घाईनं खिडकी बंद नको करू, आकडा वाच. ५३५ म्हणजे ओळख पटली नाही, पासवर्ड पाहजो. ४ नं सुरू होणारा आकडा म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळानं. ५५० बहुतेक वेळा पलीकडचा पत्ता चुकल्यावर येतो. अन् आकडाच नाही, नुसतं ‘टाइम आउट’, तर गडबड पोर्टमध्ये किंवा नेटमध्ये, पासवर्डला हात लावू नको.

नेट गेलेलं असताना तेच बिल पुन्हापुन्हा पाठवू नको. काही प्रोग्राम ते आउटबॉक्समध्ये धरून ठेवतात अन् नेट आलं की सगळी एकदम सोडतात. गिऱ्हाइकाला वाटतं तितक्यांदा पैसे मागितले. खरिपाच्या गर्दीत सगळ्यांची बिलं एका झटक्यात काढायचा मोहही टाळ. साध्या जीमेलला दिवसाला ५०० पत्त्यांची मर्यादा आहे, ती ओलांडली की पाठवणं काही काळ बंद. अन् बियाण्याच्या पिशवीचे फोटो जोडशील तर २५ एमबीच्या बरंच आत ठेव, कारण जोडलेली फाइल वाटेत साधारण एक तृतीयांशानं फुगते.

दुकानाच्या नावाचा वेगळा पत्ता घेतलास, तर तो ज्या कंपनीकडे आहे तिचाच जाणारा सर्व्हर भरजो. जीमेलच्या सर्व्हरवरून दुसऱ्याच डोमेनचं नाव लावून पाठवलेल्या बिलाचा संशय येतो अन् ते स्पॅममध्ये पडतं. २०२४ पासून गुगल आणि याहू याबाबत जास्तच कडक झालेत.

सगळं झालं की पहिलं बिल स्वतःच्याच खात्यावर पाठवून खूश होऊ नको. दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर पाठव, तिथं स्पॅम उघडून पाह, तिथून उत्तर देऊन ते परत येतं का तेही पाह. अन् दुहेरी पडताळणीचे दहा बॅकअप कोड छापून तुझ्या मामीकडे देजो. दुकानाच्या गल्ल्यात नको ठेवू, तिथं सगळ्यांचे हात जातात.