मानसशास्त्र, तेही कम्युनिटी कॉलेजातून?

कॅलिफोर्नियातल्या अनेक मराठी आईबाबांना मुलीचा हा बेत दोनदा टोचतो. एक तर मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र, आणि त्यात पहिली दोन वर्षं क्युपर्टिनोच्या डी आन्झासारख्या कम्युनिटी कॉलेजात. मला हा बेत शहाणपणाचा वाटतो, कारण या क्षेत्रातली वाट लांब आहे.

नुसत्या बी.ए.वर थेरपिस्ट होता येत नाही. कुटुंब-समुपदेशक किंवा क्लिनिकल सोशल वर्कर व्हायचं तर मास्टर्स लागते, वर देखरेखीखाली ३,००० तासांचं काम. सायकॉलॉजिस्टला डॉक्टरेट हवी. खरा पैसा पुढे लागणार असेल, तर सुरुवातीलाच कर्ज कशाला? राज्यातल्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची शिक्षणफी तीन हजार डॉलरच्या आत बसते. पुस्तकं आणि इतर शुल्क वेगळं. (पुण्या-मुंबईहून थेट येणाऱ्यांनी हे गणित धरू नये. बाहेरच्यांची फी कितीतरी पट असते.) शेवटी पदवी ज्या विद्यापीठात पूर्ण होते, त्याच विद्यापीठाची मिळते.

आता मुलांसाठी. आर्ट्सला गेलं की गणित सुटलं, हा समज आधी काढून टाका. मानसशास्त्रात संख्याशास्त्र टळत नाही, पुढे संशोधनपद्धतीही येते. संख्याशास्त्र पहिल्याच वर्षी घ्या. त्यात मन रमलं नाही, तरी ते तेव्हाच कळलेलं बरं. सोबत समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्राचा एकेक प्राथमिक कोर्स करून पाहा. माणसाच्या मनात रस आहे की माणसांच्या समूहात, हे तिथे उमगतं. विषय बदलायला याहून स्वस्त जागा नाही.

मुलं अडकतात ती ट्रान्सफरमध्ये, म्हणजे दोन वर्षांनी विद्यापीठात जाताना. चुकीचे कोर्स घेतले की दोनाची तीन वर्षं होतात. कुठला कोर्स कुठे धरला जातो, हे ‘असिस्ट’ या अधिकृत संकेतस्थळावर दिसतं. ट्रान्सफरसाठीची असोसिएट पदवी कॅल स्टेट व्यवस्थेत जागेची हमी देते, हव्या त्याच कॅम्पसची नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (यूसी) डेव्हिस, अर्व्हाइन, सांताक्रूझसह सहा कॅम्पसमध्ये अटी पूर्ण केल्यास हमीचा प्रवेश आहे. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. तिथे स्पर्धा करावीच लागते.

म्हणून पहिल्याच महिन्यात ट्रान्सफर काउन्सेलरची वेळ घ्या आणि दोन-तीन विद्यापीठांची नावं ठरवून जा. आईबाबा, तिला एकटीला जाऊ द्या. आत काय बोलणं झालं, ते रात्री जेवताना विचारा.