साक्षात्कार नव्हे, स्वतःची तपासणी



मआमीरमध्ये ड्युटी संपवून खोलीवर येता, वंदना घेता, मोबाइलवर प्रवचन ऐकता, तरी वाटते, "मला स्वतःला अनुभव कधी येणार?" प्रश्न रास्त आहे. पण तथागतांनी ईश्वरी साक्षात्काराचा दावा केला नाही. ते मार्गदाता, मोक्षदाता नव्हेत, असे बाबासाहेबांनी १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या धम्मग्रंथात स्पष्ट केले आहे. कालामांनाही तथागतांनी सांगितले: परंपरा, ग्रंथ, गुरू यांवरच विसंबू नका; लोभ, द्वेष, मोहाने हित होते की अहित, स्वतः पाहा.

आज हीच कसोटी लावा. खोलीत आलेल्या नव्या सोबत्याचे आडनाव ऐकून मनात काय उमटले? तो द्वेष ओळखला, सोडला आणि त्याच्यासोबत जेवलात, तर तोच तुमचा अनुभव.

भवतु सब्ब मंगलं!