जुन्या मोटारसायकलचे आवाज : चेन, क्लच व गिअरबॉक्स यांतील दोषांचे निदान

मोटारसायकल जुनी झाली की ती आवाज करणारच, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज दोन प्रकारे हानिकारक आहे. काही वाहनधारक धोक्याची सूचना देणाऱ्या आवाजाकडेही दुर्लक्ष करतात. काही जण मात्र पहिली खडखड ऐकताच थेट गिअरबॉक्स उघडण्यास संमती देऊन बसतात. पहिल्या प्रकारात जिवाला अपाय संभवतो, तर दुसऱ्यात अकारण खर्च होतो आणि वाहन कित्येक दिवस उभे राहते. गोव्यात पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवरून प्रवासी नेणारे 'पायलट', खेडोपाडी दूध पोहोचविणारे गवळी, फिरतीवर असणारे कर्मचारी आणि दूरच्या शाळेत जाणारे शिक्षक यांच्या दृष्टीने वाहन बंद पडणे म्हणजे दिवसाचे काम बुडणे होय.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ अन्वये खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते व त्यानंतर ती दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. म्हणजेच पंधरा वर्षांपेक्षा जुने वाहन रस्त्यावर असण्यास कायद्याची आडकाठी नाही. मात्र ते सुस्थितीत असले पाहिजे. ही सुस्थिती राखण्याच्या कामी कानाचा उपयोग फार मोठा आहे.

प्रस्तुत लेखात उदाहरणादाखल कास्ट आयर्न इंजिनाची, चार गिअरची जुनी बुलेट ३५० घेतली आहे. १९५५ साली मद्रास येथे एनफील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली व तेव्हापासून हे वाहन भारतात घरोघरी परिचित झाले. त्याचे इंजिन व गिअरबॉक्स वेगवेगळ्या आवरणांत असल्यामुळे आवाजाचे मूळ शोधण्याची पद्धत समजून घेण्यास ते सोयीचे आहे.

शक्तीचा मार्ग

इंजिनाच्या दांड्याची शक्ती प्रथम डाव्या बाजूच्या बंद आवरणातील दुहेरी प्रायमरी चेनमार्फत क्लचला मिळते. क्लचकडून ती गिअरबॉक्सच्या मुख्य दांड्यावर जाते. गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटवरून मागची चेन निघते, ती मागच्या स्प्रॉकेटला फिरविते आणि तेथून रबराच्या तुकड्यांमार्फत चाकाला गती मिळते. या तुकड्यांना कारागीर 'ड्रम रबर' म्हणतात. हा क्रम मनात पक्का असावा, कारण निदान म्हणजे या मार्गावर आवाज नेमका कोठे उगम पावतो ते ठरविणे होय.

सर्वच वाहनांची रचना अशी नसते. १९८५ साली बाजारात आलेल्या हिरो होंडा सीडी १०० मध्ये इंजिनाकडून क्लचला गती दातेरी चाकांनी मिळते. तेथे प्रायमरी चेनच नसल्यामुळे तिच्या आवाजाचा प्रश्न उद्भवत नाही. म्हणून आपल्या वाहनाची पुस्तिका प्रथम पाहावी.

तीन चाचण्या

निदानाचे मुख्य सूत्र असे की, एका वेळी एकच परिस्थिती बदलावी व आवाज बदलतो काय ते ऐकावे.

पहिली चाचणी धावत्या गाडीवर करावी. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० कि.मी. वेगाने जात असता क्लच दाबावा आणि थ्रॉटल सोडावा. इंजिन व प्रायमरी चेन मंद होतात; परंतु गिअरबॉक्स, मागची चेन आणि चाक फिरतच राहतात. आवाज त्याच लयीत चालू राहिला, तर दोष गिअरबॉक्स ते चाक या भागात असावा. तो इंजिनाबरोबर मंदावला, तर दोष इंजिन, प्रायमरी चेन किंवा क्लच यांत असावा. मात्र आवाज बंद झाला एवढ्यावरून मागचा भाग निर्दोष ठरत नाही. काही दोष केवळ ओढ पडली असतानाच बोलतात. ओढ सुटताच गप्प होतात.

दुसरी चाचणी उभ्या गाडीवर, मोकळ्या हवेत करावी. इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि क्लच दाबून व सोडून पाहावा. क्लच दाबताच घरघर थांबली, तर गिअरबॉक्सच्या मुख्य दांड्याच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला, तर क्लचच्या मधले बेअरिंग किंवा क्लच दाबणारी दांडी तपासावी. येथे एक दक्षता आवश्यक आहे. या गिअरबॉक्समध्ये उभ्या गाडीवर न्यूट्रलमध्ये दुसरा दांडा फिरत नाही. म्हणून न्यूट्रलमधील शांतता ही संपूर्ण गिअरबॉक्स चांगला असल्याचा पुरावा नव्हे.

तिसरी चाचणी इंजिन बंद करून करावी. गाडी मुख्य स्टँडवर चढवून मागचे चाक हाताने सावकाश फिरवावे. चेन कोठे अडते, ब्रेक कोठे घासतो आणि बेअरिंग खरखरते काय, हे शांततेत स्पष्ट कळते. इंजिन चालू असताना चेनजवळ बोट, फडके अथवा धोतराचा सोगा कधीही नेऊ नये.

मागची चेन

संशयितांमध्ये पहिला मान मागच्या चेनचा. ती उघडी असते, सर्वाधिक झिजते आणि तिची तपासणी विनाखर्च होते. गोव्यासारख्या प्रदेशात पावसाळ्यातील पाणी, किनाऱ्यावरील खारी हवा आणि जांभ्याची तांबडी धूळ हे तिचे तीन शत्रू आहेत. धूळ तेलात मिसळली की घासणारा लेप तयार होतो. पाण्याने तेल धुऊन गेले की गंज धरतो.

चेन 'ताणली' असे म्हणतात, तेव्हा पोलाद लांबलेले नसते. प्रत्येक सांध्यातील पिन व बुश झिजून थोडी पोकळी निर्माण झालेली असते आणि त्या पोकळ्यांची बेरीज म्हणजे वाढलेली लांबी. बुलेटच्या मागच्या चेनमध्ये दोन लगतच्या पिनांतील अंतर १५.८७५ मि.मी. असते. चेन ताठ धरून पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजल्यास नव्या चेनमध्ये ३१७.५ मि.मी. भरतात. हे माप ३२४ मि.मी.च्या आसपास गेले, म्हणजे सुमारे दोन टक्के वाढले, की चेन बदलावी.

चेनचा ढिलेपणा चाक फिरवून चार-पाच ठिकाणी पाहावा आणि सर्वांत घट्ट जागी मोजावा. गाडी चाकांवर उभी असता खालच्या बाजूच्या मध्यावर सुमारे २५ मि.मी. हालचाल साधारणपणे योग्य समजली जाते. पुस्तिकेत वेगळे माप असल्यास तेच पाळावे. अति ढिली चेन खडखडते व आवरणावर आपटते. अति घट्ट चेन गुणगुणते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण आणते. आवाज बंद व्हावा म्हणून चेन कसत जाणे हा यासाठीच चुकीचा उपाय होय. चाक मागे घेताना दोन्ही बाजूंचे कॅम सारख्याच खाचेवर ठेवावेत. अन्यथा चाक तिरपे बसून चेन स्प्रॉकेटच्या एका अंगाला घासते. चेन-लॉकच्या क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावी.

थ्रॉटल देताना व सोडताना एकच 'ठक्' असा धक्का बसत असेल, तर ड्रम रबर झिजले असण्याचा संभव असतो. हे रबर तुलनेने अल्प खर्चात बदलता येतात.

प्रायमरी चेन

इंजिन मंद चालत असता डाव्या आवरणातून येणारी व गती वाढविल्यावर बदलणारी खडखड बहुधा ढिल्या प्रायमरी चेनची असते. आवरणात तेल पुरेसे आहे काय, ते प्रथम पाहावे. या चेनला सर्वांत घट्ट जागी सुमारे ६ मि.मी. हालचाल असावी, ती आतील ताणपट्टीच्या बोल्टने साधता येते. त्याच आवरणात इंजिनाच्या दांड्यावर वीज निर्माण करणारा रोटर बसविलेला असतो. तो सैल होऊन भोवतालच्या भागाला घासू लागला, तर चेनसारखाच किंवा त्याहून कर्कश आवाज येतो. म्हणून आवरण उघडले असता रोटरही हलवून पाहावा.

गिअरबॉक्स

बाहेरचे सर्व भाग निर्दोष ठरल्यावरच गिअरबॉक्सकडे वळावे. या रचनेत चौथ्या गिअरमध्ये शक्ती मुख्य दांड्यावरून सरळ स्प्रॉकेटला जाते. दुसऱ्या दांड्यावर भार पडत नाही. पहिल्या तीन गिअरमध्ये येणारी घरघर चौथ्यात नाहीशी होत असेल, तर दुसरा दांडा, त्याचे आधार अथवा त्यावरील दातेरी चाके तपासावीत. आवाज एकाच गिअरमध्ये येत असेल, तर त्या गिअरची जोडी संशयास्पद ठरते. चारही गिअरमध्ये सारखाच आवाज असेल, तर मागची चेन पुन्हा एकदा पाहणेच शहाणपणाचे.

समजा, एका गाडीत ओढ पडली की 'कट्... कट्...' असा आवाज येतो आणि कारागीर गिअरचा दात तुटल्याचे सांगतो. चौथ्या गिअरमध्येही आवाज तसाच असेल व गाडी हाताने ढकलताना ठरावीक अंतराने चेनची एक कडी न वाकता स्प्रॉकेटवर चढत असेल, तर दोष गंजून ताठ झालेल्या त्या कडीचा आहे.

आवाजाचे गणित

शाळेतील विद्यार्थ्यांनाही हा विषय उद्बोधक वाटेल. ३.२५-१९ मापाच्या टायरचा परीघ सुमारे २ मीटर असतो. ताशी ३० कि.मी. म्हणजे सेकंदाला सुमारे ८.३ मीटर, अर्थात चाक सेकंदाला सुमारे चार फेरे घेते. मागे ३८ व पुढे १७ दात असतील, तर पुढचे स्प्रॉकेट सेकंदाला सुमारे नऊ फेरे घेते. चेनचा पूर्ण फेरा मात्र चाकाच्या दोनांहून अधिक फेऱ्यांनी होतो. टायरवर व चेनच्या एका कडीवर खडूची खूण करून गाडी ढकलावी. आवाज टायरच्या खुणेबरोबर आला, तर दोष चाकाचा, ब्रेकच्या ड्रमचा किंवा मागच्या स्प्रॉकेटचा; चेनच्या खुणेबरोबर आला, तर तो चेनचा समजावा.

तत्काळ थांबावे असे आवाज

चेन दातांवरून उडत असल्याचा 'कडाड्' असा आवाज, मागच्या चाकाला बसणारे हिसके, चाक हाताने आडवे हलविले असता जाणवणारी सैल हालचाल आणि इंजिनाच्या खालच्या भागातून येणारी जड ठोकठोक, यांपैकी काहीही आढळल्यास गाडी पुढे नेऊ नये. तुटलेली चेन गुंतून चाक जागीच अडकू शकते. अशा वेळी मागे बसलेल्या प्रवाशाचा जीवही धोक्यात येतो.

कारागिराकडे जाताना

वाहन दुरुस्तीस देण्यापूर्वी पाच गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : आवाज कोणत्या वेगाला येतो, कोणत्या गिअरमध्ये येतो, ओढ पडताना येतो की सुटताना, क्लच दाबल्यावर काय होतो, आणि चेनच्या वीस सांध्यांचे माप किती. 'गाडी आवाज करते' एवढेच सांगितल्यास कारागिराला अंदाजाने भाग उघडावे लागतात. हा कागद हाती असल्यास त्याचा वेळ वाचतो, मालकाचे पैसे वाचतात आणि जे उघडण्याची गरज नाही ते बंदच राहते.