खडकातला साप : फुरसे

राजस्थानच्या पश्चिमेला जेसलमेर आणि बाडमेर हे जिल्हे आहेत. हा सगळा वाळवंटी मुलूख. पाऊस फार थोडा. पण वाळवंट म्हणजे नुसती वाळू नव्हे. मधून मधून उघड्या खडकांच्या टेकड्याही आहेत. उन्हाळ्यात तिथला दगड तव्यासारखा तापतो. अशा जागी कोण राहील, असे आपल्याला वाटते. पण एक साप तिथे खुशाल राहतो. त्याचे नाव फुरसे.

हा साप लहानच. लांबी हात-दीड हात. रंग दगडमातीसारखा तपकिरी. दोन्ही कुशींवर नागमोडी पांढरी रेघ. डोक्यावर बाणासारखी खूण. तो दगडापाशी पडला, की चटकन दिसत नाही.

उन्हाच्या वेळी तो दगडाखाली, नाही तर खडकाच्या फटीत राहतो. दिवस मावळला, की बाहेर पडतो. पाली, विंचू, लहान उंदीर हे त्याचे खाणे. भुसभुशीत वाळूत तो अंग तिरके टाकीत बाजूने जातो. सकाळी वाळूवर तिरप्या रेघा दिसल्या, की समजावे, रात्री इथून फुरसे गेले.

फुरसे दिसले, तर पाच-सहा हात दूर उभे राहावे. तो अंगाची वेटोळी करतो आणि ती एकमेकांवर घासतो. त्याच्या खवल्यांना करवतीसारखे दाते असतात. म्हणून खर्र खर्र आवाज होतो. तो जणू सांगतो, “बाबा, पुढे येऊ नको.” आपण मागे सरलो, की तोही आपल्या वाटेने जातो.

तुम्ही म्हणाल, राजस्थानचा साप आम्हांला कशाला? पण हाच साप आपल्या कोकणातल्या कातळावर आहे. दगडांच्या गडग्यातही तो बसतो. आपल्याकडचा अंगाने लहान असतो. गवत कापताना, दगड उचलताना, काळोखात अनवाणी चालताना त्याच्यावर हात-पाय पडतो. मग तो चावतो.

साप लहान, म्हणून दंश लहान समजू नका. त्याच्या विषाने रक्त गोठायचे थांबते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते. कधी कधी हे काही तासांनी दिसते. तेव्हा “आता बरे वाटते” म्हणून घरी बसू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. जखम चिरू नका, चोखू नका, वर आवळून बांधू नका. माणसाला धीर द्या. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. तडक सरकारी दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी लस आहे. ती वेळेवर मिळाली, तर माणूस वाचतो.

दगड उचलायचा, तर आधी काठीने हलवा. रात्री बॅटरी घ्या, पायांत वहाणा घाला. जिथे नजर पोचत नाही, तिथे हात घालू नये. एवढे पाळले, तर सापही जगेल आणि आपणही जगू.

प्रश्न
१. फुरसे दिवसा कुठे राहते?
२. खर्र खर्र आवाज कशामुळे होतो?
३. साप चावल्यावर काय करावे? काय करू नये?