जुन्या लहान आउटबोर्ड मोटारीची कार्यक्षमता

सातपुड्यात मुलताई येथे उगम पावणारी ७२४ किलोमीटर लांबीची तापी नदी बऱ्हाणपूरवरून पुढे जळगाव जिल्ह्यात प्रवेश करते. बैतूलच्या डोंगरांत जोराचा पाऊस झाला, तर बऱ्हाणपूर व राजपुरा भागात पाऊस नसतानाही नदीचे पाणी चढू शकते. अशा प्रसंगी होडीच्या मागील फळीवर बसविलेल्या लहान मोटारीवर माणसांचे प्राण अवलंबून असतात. वर्षातील बराच काळ कोपऱ्यात पडून राहिलेली जुनी मोटार ऐनवेळी सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन अर्ध्या वाटेत बंद पडते. अशा मोटारीकडून पुरेपूर काम कसे घ्यावे, याचा विचार येथे केला आहे.

मोटारीकडून काय अपेक्षा करावी ?

अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली आपल्या आउटबोर्ड मोटारीची विक्री सुरू केली. त्यांची पहिली मोटार अवघ्या दीड अश्वशक्तीची होती. त्यानंतर बरीच सुधारणा झाली. तथापि जुन्या लहान मोटारींची मूळ रचना साधीच राहिली. वर दोन धावांचे इंजिन, मध्ये उभा दांडा आणि खाली दातेरी चाके व पंखा, असे तिचे तीन भाग असतात.

पाणी बाजूला सारत चालणाऱ्या जड होडीचा वेग तिच्या लांबीने मर्यादित होतो. पाण्याला टेकलेली लांबी १६ फूट असेल, तर हा वेग ताशी सुमारे १० किलोमीटर असतो. त्यापुढे इंधन कितीही जाळले तरी होडीसमोर लाट तेवढी मोठी होते. म्हणून जुन्या मोटारीत फेरफार करून जादा शक्ती मिळविण्याचा खटाटोप करू नये. तिची मूळ शक्ती तिला परत मिळवून द्यावी, हेच खरे उद्दिष्ट होय.

ही शक्ती किती मोलाची आहे, हे साध्या गणिताने कळते. प्रवाहाचा वेग ताशी ८ किलोमीटर असेल, तर ताशी १० किलोमीटर चालणारी होडी प्रवाहाविरुद्ध ताशी २ किलोमीटर पुढे सरकते. मोटार अशक्त होऊन होडीचा वेग ताशी ७ किलोमीटरवर आला, तर तीच होडी मागे वाहू लागते.

इंधन व वंगण

दोन धावांच्या इंजिनात वंगण तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. १९६० च्या दशकापूर्वीच्या अनेक मोटारींना २४ भाग पेट्रोलास १ भाग तेल, म्हणजे लिटरमागे सुमारे ४२ मिलिलिटर तेल लागे. नंतरच्या अनेक मोटारींना ५० भागांस १ भाग, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर पुरते. निर्मात्याने सांगितलेले प्रमाणच पाळावे. तेल कमी पडल्यास दट्ट्या अडकतो; अधिक झाल्यास काजळी साचून स्पार्क प्लग खराब होतो.

आजच्या पेट्रोलचा वेगळा विचार करणे आवश्यक आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री भारतात फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली व २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा फार झाल्यास पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून अलग होऊन टाकीच्या तळाशी बसतात. जुन्या रबरी नळ्या व बुचेही इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. म्हणून नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात, मिश्रण थोडे व ताजे करावे आणि मोटार ठेवून देताना टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत. शंका आल्यास थोडे इंधन काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवावे; तळाशी वेगळा थर दिसल्यास ते वापरू नये. इथेनॉलमुळे जुन्या कार्ब्युरेटरमध्ये इंधनाचे प्रमाण हवेच्या मानाने कमी पडते व इंजिन तापते. सुईची सोय असलेल्या मोटारीत सुई किंचित उघडून हा दोष कमी करता येतो.

ठिणगी व थंडावा

जुन्या मोटारींत चाकातील चुंबकाद्वारे ठिणगी निर्माण होते. तेथील पॉइंटमधील फट बहुधा अर्धा मिलिमीटर असते. ती निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे मोजपट्टीने तपासावी व पॉइंट स्वच्छ करावेत. ठिणगी निळसर व जोरदार असावी. फिकी पिवळी ठिणगी दिसल्यास पॉइंट, कंडेन्सर व तार यांची तपासणी करावी. ही चाचणी इंधनापासून दूर करावी.

इंजिन थंड ठेवण्यासाठी खालच्या भागातील रबरी पात्यांचा पंप नदीचे पाणी वर चढवितो. ही पाती कालांतराने ताठर होतात व तुटतात. मोटार कोरडी चालविल्यास ती थोड्याच वेळात जळतात. म्हणून मोटारीची चाचणी नेहमी पाण्याने भरलेल्या पिंपात करावी. पुराच्या गढूळ पाण्यातून आल्यावर ती स्वच्छ पाण्यात चालवून गाळ धुऊन काढावा.

बसवणूक, पंखा व भार

पंख्यावरील आडवी पट्टी होडीच्या तळाशी समतल किंवा त्याहून सुमारे एक इंच खाली असावी. मोटार उंच बसल्यास पंखा हवा खेचतो व इंजिन नुसतेच भणाणते. फार खाली बसल्यास पाण्याचा अवरोध वाढतो. होडी चालत असताना दांडा उभा राहील, असा कोन साधावा. सर्व माणसे मागे बसल्यास पुढची बाजू उचलली जाते व वेग घटतो. म्हणून भार समतोल ठेवावा.

पंख्याच्या कडांचे खाचखळगे कानसीने काढून पाती सारखी करावीत. पंखा दगडावर आदळल्यास तुटणारी पिन दातेरी चाकांचे रक्षण करते. तिच्या जागी खिळा घालणे म्हणजे चाकेच मोडण्यास वाव देणे होय. सुटे पिन व प्लग होडीत नेहमी ठेवावेत. दातेरी चाकांचे तेल दुधासारखे दिसल्यास पाणी आत शिरत आहे, असे समजावे.

गावपातळीवरील व्यवस्था

होडी व मोटार असलेल्या ग्रामपंचायतीने मे महिन्याच्या अखेरीस मोटारीची चाचणी घ्यावी व पावसाळ्यात दर आठवड्याला ती पिंपात सुरू करून पाहावी. तारीख, किती ओढीत सुरू झाली, इंधन केव्हा बदलले, याची नोंद एका वहीत ठेवावी. शाळेतील शिक्षकांनी ही चाचणी विद्यार्थ्यांना दाखविल्यास चुंबकत्व, ज्वलन व प्रवाहाचा वेग हे विषय प्रत्यक्षात शिकविता येतील. पुरात होडी नेण्याचा निर्णय प्रशासनाच्या सूचनेनुसारच घ्यावा, आणि होडीतील प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे.

मोटारीचे वय फारसे महत्त्वाचे नाही. ताजे इंधन, निर्मळ ठिणगी, वाहते पाणी व योग्य बसवणूक या चार गोष्टी सांभाळल्या, तर जुनी मोटारही पहिल्या काही ओढींत सुरू होते आणि होडी प्रवाहाविरुद्ध काठाला लागते. ही काळजी मात्र पाणी चढण्यापूर्वीच घेतलेली असली पाहिजे.