घटक ६ : बोलीसंहितेचे लेखन – साध्या मजकूर-संपादकाची निवड

६.१ प्रास्ताविक

ध्वनिमुद्रित बोलणे अक्षरांत उतरवले की बोलीची 'संहिता' तयार होते. खानदेशात या उतरवण्याचे मोल वेगळे सांगावयास नको. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि आप्त यांनी त्यांची गाणी टिपून ठेवली, म्हणूनच १९५२ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ शकली. बोलणारी व्यक्ती 'कपाय' म्हणते आणि टिपणारा 'कपाळ' लिहितो, तेव्हा अर्थ शाबूत राहतो, परंतु लेवा बोलीचा पुरावा नाहीसा होतो. आज हे काम संगणकावर होते आणि बोलणारा व टिपणारा यांच्यामध्ये सॉफ्टवेअर येऊन बसते. म्हणून साधनाची निवड हा अभ्यासपद्धतीचाच भाग मानावा लागतो.

६.२ शब्दप्रक्रियक की मजकूर-संपादक?

वर्ड किंवा लिबरऑफिस रायटर हे शब्दप्रक्रियक होत. ते अक्षरांबरोबर फॉन्ट, आकार, रंग, समास अशी बरीच माहिती साठवतात. नोटपॅड, नोटपॅड++ किंवा लिनक्सवरील जीएडिट हे मजकूर-संपादक केवळ अक्षरचिन्हे साठवतात. निबंध वा प्रकल्प-अहवाल सजवण्यासाठी शब्दप्रक्रियक अवश्य वापरावा. संहितेसाठी मात्र तो गैरसोयीचा ठरतो, कारण त्यातील आपोआप दुरुस्तीची सोय प्रमाणभाषा गृहीत धरून चालते. अहिराणीतील 'मन्हा', 'तुन्हा' ही रूपे तिच्या दृष्टीने चुकाच असतात. मोबाइलवरील शब्द सुचवणारा कळफलक तर याहून उतावळा असतो. ती सोय बंद करूनच लेखनास बसावे.

६.३ अक्षरे साठतात कशी?

हा भाग सावकाश वाचावा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठलेली असतात ती रोमन अक्षरांची संकेतचिन्हे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर निरर्थक दिसतो आणि त्यात मराठी शब्द शोधता येत नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील मोडी कागद आजही जाणकारास वाचता येतात. वीस वर्षांपूर्वीच्या अशा फाइलीबाबत तसे खात्रीने म्हणता येत नाही! युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णास स्वतंत्र संकेतांक आहे. देवनागरीच्या मुख्य विभागात अशी १२८ स्थाने आहेत. म्हणून संहिता युनिकोडमध्येच लिहावी आणि फाइल साठवताना 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडावा. २०१९ पूर्वीच्या नोटपॅडमध्ये 'एएनएसआय' हा पर्याय आधीच निवडलेला असे. पडद्यावरील सूचना न वाचता तो तसाच ठेवला, की देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरत आणि मूळ अक्षरे परत मिळत नसत.

युनिकोड वापरूनही एक अडचण राहते. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो : 'ऱ' या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा साधा 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, शोध घेताना मात्र संगणक त्यांना भिन्न मानू शकतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'र'चीच कळ शिफ्टसह दाबली असता 'ऱ' मिळतो. पहिला प्रकार स्वीकारावा आणि संपूर्ण संहितेत तोच पाळावा. 'ॲ'चेही तसेच आहे. या वर्णाला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये मिळाला, त्यामुळे जुन्या मजकुरात तो 'अ'ला वेगळे चिन्ह जोडून लिहिलेला आढळतो.

६.४ संहितेची मांडणी

साध्या मजकुरात ठळक वा तिरका ठसा नसतो. मांडणी ओळी आणि टॅब यांनीच करावयाची असते. आरंभी बोली, गाव, तालुका, दिनांक आणि वक्त्याचे वय लिहावे. वक्त्याच्या नावाऐवजी 'व१', 'व२' असे संकेत द्यावेत. त्यानंतर एका ओळीत एकच उक्ती : प्रथम संकेत, मग टॅब, मग उक्ती जशी ऐकली तशी, पुन्हा टॅब आणि प्रमाण मराठीतील अर्थ. उक्ती आणि अर्थ एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

या शिस्तीचा लाभ विश्लेषणात दिसतो. अहिराणीत पुष्कळदा 'ळ'च्या जागी 'य' येतो. 'डोळा'चा 'डोया' होतो. उक्तीच्या स्तंभात 'ळ' शोधून पाहावा. तो सापडला, तर वक्त्याने खरोखर 'ळ' उच्चारला की टिपणाऱ्याच्या हातून प्रमाणरूप उमटले, हे मूळ मुद्रण ऐकून ठरवावे. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात मराठीला सातवा खंड मिळाला, खानदेशी मात्र नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्ली भाषांसोबत गेली. ते सर्वेक्षण प्रामुख्याने लिखित नमुन्यांवर आधारलेले होते. खानदेशीच्या स्थानाविषयी त्यानंतरही मतभेद राहिले आहेत, आणि त्यांत उतरणाऱ्याला विश्वसनीय संहितेवाचून बोलता येणार नाही.

स्वाध्याय

आपल्या घरातील वा गावातील वडीलधाऱ्या व्यक्तीचे, त्यांची संमती घेऊन, पाच मिनिटांचे बोलणे मुद्रित करा. वरीलप्रमाणे त्याची संहिता तयार करून 'यूटीएफ-८'मध्ये साठवा. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून 'ळ', 'ऱ' आणि 'ण' हे वर्ण शोधा. प्रत्येक आढळ मुद्रणाशी ताडून पाहा आणि कोणती रूपे बदलावी लागली, ते एका परिच्छेदात लिहून संपर्कसत्रास आणा.