हौशी रेडिओचे उपग्रह

परवाना मिळवून स्वतः संदेश पाठविणाऱ्या हौशी लोकांनी १९६१ साली ‘ऑस्कर-१’ हा आपला पहिला उपग्रह आकाशात धाडला. मोर्स लिपीतील ‘हाय’ एवढाच त्याचा उच्चार! भारताचा ‘हॅमसॅट’ २००५ पासून २०१४ पर्यंत चालला. असे उपग्रह पृथ्वीजवळून धावत असल्यामुळे एका फेरीत जेमतेम दहा-पंधरा मिनिटेच क्षितिजावर राहतात. तेवढ्यात हाक पोहोचली तर पोहोचली! २०१८ साली सोडलेला ‘क्यूओ-१००’ मात्र सुमारे ३६,००० किलोमीटरांवरून पृथ्वीच्या परिवलनाबरोबरच फिरतो. म्हणून तो स्थिर भासतो. भारत, आफ्रिका व युरोप यांस तो अहोरात्र दिसतो. जपान व उत्तर अमेरिका यांस नाही. आपणांस लाभलेले हे सुख त्यांसही लाभावे, अशी आम्ही आशा करितो.